आदिस्लाव 'सीनु': एका शब्दाच्या विभक्ती आणि त्यांचे वारस

रशियन शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला सुरुवातीलाच काही अपवाद पाठ करावे लागतात. 'लेस' म्हणजे जंगल. 'जंगलाविषयी' म्हणताना या शब्दाचे रूप 'लेसे' होते, पण 'जंगलात' म्हणताना ते 'लेसू' होते. चहाच्या चवीबद्दल बोलताना 'चाया' हे षष्ठीचे रूप चालते, पण कपात थोडा चहा ओतायला सांगताना बरेच जण 'चायू' म्हणतात. पोलिश शिकणाऱ्याला सांगितले जाते की, पुल्लिंगी नामाची चतुर्थी 'ओवी' लावून करायची, पण भाऊ, वडील, कुत्रा आणि देव या शब्दांना ते 'ओवी' लागत नाही. पाठ्यपुस्तके ही रूपे यादी करून देतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. माझ्या मते इथे थोडे थांबायला हवे, कारण या सगळ्या रूपांचे मूळ एकच आहे. मोजक्या नामांच्या एका जुन्या गटाचे ते प्रत्यय आहेत आणि त्या गटातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'मुलगा' या अर्थाचा होता.

आदिस्लाव भाषेतला तो शब्द '*सीनु' असा लिहिता येईल. शब्दाआधीची तारका असे सांगते की, हे रूप कुठल्याही शिलालेखात किंवा हस्तलिखितात सापडलेले नसून नंतरच्या भाषांची तुलना करून सिद्ध केलेले आहे. रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या भाषा ज्या एका भाषेतून फुटल्या, ती आदिस्लाव भाषा कोणी लिहून ठेवली नाही. तरीही या शब्दाच्या बाबतीत तर्काला भक्कम आधार आहे. इ.स. 863 मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे थेस्सलोनिकीचे दोन भाऊ धर्मप्रसारासाठी मोराव्हियात गेले आणि त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथ स्लाव भाषेत आणले. त्या प्राचीन चर्च-स्लाव भाषेची हस्तलिखिते दहाव्या-अकराव्या शतकांपासून उपलब्ध आहेत आणि त्यांतली या शब्दाची रूपे तारांकित रूपांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात.

उच्चाराविषयी आधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. 'सी' मधला स्वर मराठीत नाही. जीभ 'उ'साठी मागे न्यावी आणि ओठ मात्र 'इ'सारखे पसरावेत, म्हणजे तो साधारण निघतो. रशियनमध्ये तो आजही ऐकू येतो. इथे मी तो सोयीसाठी 'ई' असा लिहितो. दुसरी गोष्ट ऱ्हस्व 'उ' आणि ऱ्हस्व 'इ' यांची. आदिस्लाव भाषेत हे दोन स्वर अतिशय आखूड होते आणि पुढे बहुतेक ठिकाणी ते गळूनच पडले. दीर्घ 'ऊ' आणि दीर्घ 'ई' मात्र टिकले. म्हणून पुढे येणारी रूपे वाचताना ऱ्हस्व-दीर्घाकडे नीट लक्ष द्यावे, कारण या शब्दाचा बराचसा इतिहास त्या भेदातच आहे.

एकवचनात प्रथमा आणि द्वितीया या दोन्हींत '*सीनु', तृतीयेत '*सीनुमि', चतुर्थीत '*सीनोवी', आणि षष्ठी, सप्तमी, संबोधन या तिन्हींत '*सीनू' अशी रूपे होती. अनेकवचनात प्रथमेला '*सीनोवे', द्वितीयेला '*सीनी', तृतीयेला '*सीनुमी', चतुर्थीला '*सीनुमु', षष्ठीला '*सीनोवु' आणि सप्तमीला '*सीनुखु' होते. द्विवचनही होते. 'दोन मुलगे' या अर्थी '*सीनी', 'दोन मुलांचा' किंवा 'दोन मुलांत' या अर्थी '*सीनोवू', आणि चतुर्थी-तृतीयेसाठी '*सीनुमा'. पंचमीला मात्र स्वतंत्र रूप उरले नव्हते.

शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला ही रूपे अनोळखी वाटणार नाहीत, कारण संस्कृतातला 'सूनु' हा याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही शब्द 'जन्म देणे' या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून आले. संस्कृतात त्या धातूपासून 'सूते', 'सुत', 'प्रसूति' हे शब्द झाले आणि त्यांतला 'प्रसूती' आपण रोज वापरतो. लिथुआनियन भाषेत मुलाला आजही 'सूनुस' म्हणतात, गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत तो 'सुनुस' होता, आणि इंग्रजी 'सन' व जर्मन 'झोन' हेही याच कुळातले आहेत. आता रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. संस्कृत प्रथमा अनेकवचन 'सूनवः', आदिस्लाव '*सीनोवे'. संस्कृत चतुर्थी 'सूनवे', आदिस्लाव '*सीनोवी'. हे 'सूनवे' रूप ऋग्वेदाच्या अगदी पहिल्याच सूक्तात, नवव्या ऋचेत येते. पिता जसा मुलाला सहज भेटतो तसा तू आम्हाला भेट, अशी तिथे अग्नीला विनवणी आहे. हे 'सूनवे' आणि आज पोलिश आई 'मुलाला' या अर्थी उच्चारते ते 'सिनोवी' ही एकाच रूपाची दोन टोके आहेत.

जुळणी नियमाने होते की योगायोगाने, हे तपासायचे तर ध्वनींकडे वळावे लागते. मूळचा दीर्घ 'ऊ' स्लाव भाषांत त्या मधल्या 'ई'सारख्या स्वरात बदलला. म्हणून संस्कृत 'सूनु'च्या समोर 'सीनु' येतो आणि संस्कृत 'धूम'च्या समोर धूर या अर्थाचा रशियन 'दिम' येतो. मूळचा ऱ्हस्व 'उ' आखूड होऊन शेवटी गळाला. शब्दाच्या शेवटची व्यंजनेही गळाली, कारण आदिस्लाव भाषेत एका टप्प्यावर प्रत्येक अक्षर स्वरान्त असावे अशी ओढ निर्माण झाली. 'औ', 'ओ' यांसारख्या जुन्या जोडस्वरांचा सरळ दीर्घ 'ऊ' झाला. हे शेवटचे दोन बदल एकत्र केले की, षष्ठी 'सूनोः', सप्तमी 'सूनौ' आणि संबोधन 'सूनो' ही संस्कृतात वेगळी राहिलेली तिन्ही रूपे आदिस्लाव भाषेत एकाच '*सीनू'मध्ये का मिसळली, हे आपोआप कळते.

सप्तमीच्या अनेकवचनात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. संस्कृतात 'लतासु' म्हणतात पण 'सूनुषु' म्हणतात, कारण इ, उ, र् आणि क् यांच्यानंतर येणाऱ्या 'स'चा 'ष' होतो. नेमक्या याच चार ध्वनींच्या मागोमाग आलेला 'स' स्लाव भाषांतही बदलला, फक्त तिथे त्याचा 'ख' झाला. म्हणून 'सूनुषु'च्या जागी '*सीनुखु'. स्लाव भाषांपुरता हा नियम डॅनिश भाषाशास्त्रज्ञ होल्गर पेडरसन यांनी 1895 मध्ये मांडला आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. इतक्या लांब पसरलेल्या दोन शाखांनी नेमकी हीच चार ध्वनींची अट सांभाळावी, हा मला या सगळ्या तुलनेतला सर्वांत पटणारा पुरावा वाटतो.

आता '*सीनु' आणि '*सीनोवे' यांच्यातल्या 'ओव'कडे यावे, कारण पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरते. काही विभक्तींत शब्दाच्या शेवटचा 'उ' उघडून 'अव्' किंवा 'ओव्' होतो. संस्कृत व्याकरणात याला गुण म्हणतात. मराठी वाचकाला हा बदल इतका सवयीचा आहे की, तो सहसा लक्षातही येत नाही. पांडूचे ते पांडव, यदूचे ते यादव, रघूच्या कुळातला तो राघव आणि मनूपासूनचा तो मानव. पाणिनीने 'ओर्गुणः' या छोट्या सूत्रात हेच सांगितले आहे की, तद्धित प्रत्यय, म्हणजे नामापासून नवा शब्द घडवणारा प्रत्यय, पुढे आला की शब्दाच्या शेवटच्या उकाराचा गुण होतो. 'पांडु'चा 'पांडव' होताना जे घडते, तेच '*सीनु'चे '*सीनोवे' होताना घडते, आणि दोन्ही ठिकाणी ती मूळ भाषेतून चालत आलेली एकच व्यवस्था आहे.

असे उकारान्त पुल्लिंगी शब्द आदिस्लाव भाषेत फार नव्हते. नक्की सांगता येतील असे म्हणजे '*सीनु', घर या अर्थाचा '*दोमु', बैल या अर्थाचा '*वोलु', शिखर या अर्थाचा '*विर्खु', अर्धा भाग या अर्थाचा '*पोलु' आणि मध या अर्थाचा '*मेदु'. शेवटचा शब्द म्हणजे आपला 'मधु'. त्याच्यापासून झालेला एक सामासिक शब्द इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृतात मधु आणि 'खाणे' या अर्थाचा 'अद्' धातू मिळून 'मध्वद्', म्हणजे मध खाणारा, असा शब्द होतो. रशियनमध्ये अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात आणि त्या शब्दाची घडणही हीच आहे. पुढे स्वर आला म्हणून उकाराचा व् झाला आणि मध खाणारा प्राणी तो मेद्वेद ठरला.

या लहानशा गटाच्या शेजारी एक प्रचंड मोठा गट उभा होता. संस्कृतातल्या अकारान्त पुल्लिंगी शब्दांशी जुळणारे ते शब्द. 'वृकोदर' या भीमाच्या नावातला 'वृक' म्हणजे लांडगा, आणि त्याचा आदिस्लाव भाऊ '*विल्कु'. मुळात 'वृकः' आणि 'सूनुः' यांचे शेवट स्पष्टपणे वेगळे होते, पण आदिस्लाव भाषेतल्या ध्वनिबदलांनी दोन्हींचा शेवट प्रथमेत आणि द्वितीयेतही आखूड 'उ' असा एकसारखा करून टाकला. '*सीनु' आणि '*विल्कु' या रूपांवरून कोणता शब्द कोणत्या गटातला, हे लहान मुलाला ऐकून ओळखता येईना. भाषा तर मुले ऐकूनच शिकतात, तेव्हा दोन गटांची सरमिसळ अटळ होती. प्राचीन चर्च-स्लाव हस्तलिखितांतच ती दिसू लागते. 'मुलाचा' या अर्थी जुने 'सीनू'ही तिथे आढळते आणि मोठ्या गटाच्या वळणाने केलेले 'सीना'ही आढळते. हा 'आ' प्रत्यय मूळचा पंचमीचा, म्हणजे संस्कृत 'वृकात्' मधला. पंचमी षष्ठीत विलीन झाली ती याच वाटेने.

'मुलगा' या शब्दाच्या बाबतीत 'सीना' हे रूप पक्के व्हायला आणखी एक कारण घडले. प्रथमा आणि द्वितीया सारख्याच असल्या, तर 'बाप मुलगा पाहतो' या वाक्यात कोण कोणाला पाहतो ते रूपावरून कळत नाही. स्लाव भाषांनी तोडगा असा काढला की, कर्म सजीव असेल तर द्वितीयेच्या जागी षष्ठीचे रूप वापरायचे. रशियनमध्ये 'मला घर दिसते' या अर्थाच्या वाक्यात 'दोम' तसाच राहतो, पण 'मला मुलगा दिसतो' या अर्थाच्या वाक्यात 'सिन'चा 'सिना' होतो. मराठीतही 'मी घर पाहिले' पण 'मी मुलाला पाहिले' असाच भेद आपण करतो, मात्र तो आपल्याकडे स्वतंत्रपणे घडला आहे.

आजच्या भाषांत शब्द म्हणून '*सीनु' सगळीकडे जिवंत आहे. रशियन, बेलारूशियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि सोर्बियन यांत तो 'सिन' म्हणून लिहिला जातो आणि त्यातला जुना स्वर निदान लेखनात तरी वेगळा दाखवला जातो. सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, मॅसेडोनियन आणि बल्गेरियन यांत तो स्वर साध्या 'इ'त मिसळला आहे. युक्रेनियनमध्येही 'इ' आणि तो मधला स्वर यांचा संगम झाला. जुन्या विभक्ती सर्वांत चांगल्या सांभाळल्या त्या पोलिश आणि चेक यांनी. पोलिशमध्ये चतुर्थी 'सिनोवी', सप्तमी व संबोधन 'सिनू', अनेकवचनी प्रथमा 'सिनोव्ये', षष्ठी 'सिनुफ'. चेकमध्ये चतुर्थी 'सिनोवी', संबोधन 'सिनू', अनेकवचनी प्रथमा 'सिनोवे' आणि द्वितीया 'सिनी', म्हणजे बहुतेक सगळे आदिस्लाव रूपाच्या जागीच. युक्रेनियन आई मुलाला आजही 'सिनू' अशी हाक मारते. सर्बियन आणि बल्गेरियन यांनी मात्र हाकेसाठी मोठ्या गटाचा प्रत्यय घेऊन 'सिने' केले. स्लोव्हेनियनने द्विवचन टिकवले आहे, त्यामुळे तिथे दोन मुलांसाठी 'सिनोवा' किंवा 'सिना' असे वेगळे रूप आजही आहे.

रशियनमध्ये या शब्दाचे अनेकवचन दोन प्रकारांनी होते. घरातल्या खऱ्याखुऱ्या मुलांसाठी 'सिनोव्या', आणि 'मातृभूमीचे सुपुत्र' अशा गंभीर अर्थासाठी 'सिनी'. पहिल्या रूपात जुना 'ओव' शाबूत आहे आणि त्यावर 'भाऊ' या शब्दाच्या अनेकवचनात दिसतो तसा समूहवाचक 'या' बसला आहे. दुसरे रूप जुन्या द्वितीयेचे आहे.

मोठ्या गटात मिसळल्यावर उकारान्त गट स्वतंत्र गट म्हणून संपला. त्याचे प्रत्यय मात्र जिथे जिथे गरज होती तिथे तिथे पसरत गेले. सर्वांत मोठी गरज अनेकवचनी षष्ठीला होती. मोठ्या गटात 'लांडग्यांचा' या अर्थी '*विल्कु' हेच रूप होते, म्हणजे 'लांडगा' आणि 'लांडग्यांचा' यांत फरकच नव्हता. '*सीनोवु' मधला 'ओवु' मात्र लगेच ओळखू येणारा होता, म्हणून हळूहळू हजारो पुल्लिंगी नामांनी तो उचलला. आज रशियनमध्ये 'टेबलांचा' म्हणजे 'स्तोलोव', पोलिशमध्ये याच प्रत्ययाचा उच्चार 'उफ' आणि चेकमध्ये दीर्घ 'ऊ' असा होतो. चेक लिपीत या 'ऊ'च्या डोक्यावर एक छोटे वर्तुळ काढतात. ते म्हणजे कधीकाळी तिथे असलेल्या 'ओ' अक्षराची खूण आहे. जुन्या प्रत्ययहीन षष्ठीचे अवशेषही उरले आहेत. 'पाच वेळा' किंवा 'बुटांची जोडी' म्हणताना रशियन माणूस त्या त्या नामाला कोणताही प्रत्यय लावत नाही, आणि तिथे ती जुनी षष्ठीच बोलत असते.

चतुर्थीचा 'ओवी' पोलिशमध्ये सर्वांत दूरवर गेला. विद्यार्थ्याला 'स्तुदेन्तोवी', प्राध्यापकाला 'प्रोफेसोरोवी', अगदी संगणकालाही 'कोम्पुतेरोवी'. सुरुवातीला सांगितलेले भाऊ, वडील, कुत्रा, देव हे शब्द मोठ्या गटाचा मूळ 'ऊ' धरून बसले आहेत, म्हणजे इतिहासाच्या नजरेने पाहिल्यास नियम पाळणारे तेच आहेत आणि बाकीच्या असंख्य नामांनी शेजारच्या गटाकडून प्रत्यय घेतला आहे. चेकमध्ये एक रेखीव पद्धत आहे. एकापाठोपाठ अनेक नामे चतुर्थीत आली, तर 'ओवी' फक्त शेवटच्या नामाला लावतात आणि आधीच्यांना 'ऊ'. 'श्री. प्राध्यापक यान नोवाक यांना' या अर्थी 'पानू प्रोफेसोरू यानू नोवाकोवी' असे लिहितात. दोन गटांचे दोन प्रत्यय एका वाक्यांशात शेजारी शेजारी बसलेले पाहायचे असतील, तर यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

रशियन 'लेसू' मधली सप्तमी आणि 'चायू' मधली षष्ठी ही '*सीनू'चीच देणगी आहे. चहा रशियात आला सतराव्या शतकात, म्हणजे उकारान्त गट विस्कटून गेल्यानंतर कितीतरी शतकांनी. तरीही 'थोडा चहा' मागताना त्या परक्या शब्दाला तो जुना प्रत्यय लागला, कारण तोवर 'थोडेसे, त्यातले काही' हा अर्थ त्या प्रत्ययाशी जोडला गेला होता. 'घराकडे' या अर्थाचा रशियन शब्द 'दमोय' हा '*दोमु'च्या जुन्या चतुर्थीचा, म्हणजे '*दोमोवी'चा झिजलेला अवशेष आहे. आता त्याला कोणी विभक्ती मानत नाही, तो अव्यय झाला आहे.

दक्षिणेकडे अनेकवचनाचा 'ओवे' पसरला. बल्गेरियनने नामांच्या विभक्ती जवळजवळ सगळ्या सोडल्या, पण एका अक्षराच्या पुल्लिंगी शब्दांचे अनेकवचन तिथे आजही सहसा 'ओवे' लावून होते. 'ग्राद' म्हणजे शहर, 'ग्रादोवे' म्हणजे शहरे. सर्बियनमध्ये 'ग्रादोवी'. क्लब आणि फिल्म हे शब्द या भाषांत आले तेव्हा त्यांचेही 'क्लुबोवी' आणि 'फिल्मोवी' झाले. ऋग्वेदातल्या 'सूनवः'चा प्रत्यय बेलग्रेडमधल्या चित्रपटांना लागलेला आहे.

'ओव'चा आणखी एक वापर मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. पांडूचा तो पांडव, या रीतीने स्लाव भाषांत 'अमक्याचा' हे सांगणारे विशेषण 'ओव' लावून होते, आणि अभ्यासकांच्या मते हा प्रत्यय उकारान्त शब्दांतूनच निघून इतर नामांना लागला. 'पेत्र'चा तो 'पेत्रोव', 'इवान'चा तो 'इवानोव'. पुढे ही विशेषणेच आडनावे झाली. टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवा यांच्या आडनावात 'नवरातिल' या आडनावाला तोच प्रत्यय स्त्रीलिंगात लागला आहे. रशियाचे माजी अध्यक्ष दिमित्री मेद्वेदेव यांच्या आडनावात तर आधी मध खाणारा 'मेद्वेद' आहे आणि त्याच्यापुढे मृदू व्यंजनानंतर 'एव' झालेला हाच प्रत्यय आहे, म्हणजे एकाच नावात उकारान्त गटाच्या दोन खुणा आहेत.

नात्यांच्या शब्दांत 'सीनोव'पासून चेक आणि स्लोव्हाक 'सिनोवेत्स', म्हणजे पुतण्या किंवा भाचा, हा शब्द झाला. सर्बियनमधला 'सिनोवात्स' हा खास भावाचा मुलगा, म्हणजे नेमका आपला पुतण्या. पोलिशमध्ये 'मुलाची' या अर्थाच्या विशेषणापासून 'सिनोवा' हा शब्द आला आणि त्याचा अर्थ आहे सून. इथे मराठी वाचकाने जरा जपून राहावे. 'सून' आणि 'सूनु' कानाला जवळचे वाटतात, पण मराठी 'सून' हा 'सूनु'पासून आलेला नाही. तो संस्कृत 'स्नुषा'चा, प्राकृत 'सुण्हा'मार्गे आलेला वंशज आहे. या 'स्नुषा'चे स्लाव नातेवाईकही आहेत, कारण आदिस्लाव भाषेत सुनेला '*स्नुखा' म्हणत. ऱ्हस्व 'उ' आखूड झाला, उकारानंतरच्या 'ष'च्या जागी 'ख' आला, आणि '*सीनुखु' मध्ये पाहिलेले दोन्ही नियम या एका शब्दात लागू झाले. रशियनमध्ये सासरा आपल्या सुनेला 'स्नोखा' म्हणतो, बल्गेरियनमध्ये ती 'स्नाखा' आहे आणि सर्बियनमध्ये 'स्नाहा'. मुलासाठी मराठीने 'सूनु' सोडला, पण सुनेसाठी वापरला जाणारा आपला रोजचा शब्द आणि रशियन सासऱ्याच्या तोंडचा शब्द आजही एकाच मुळाचे आहेत.